घरच्या कामाला राउटर घेताना

रंधा आणि पटाशी आपल्याला ठाऊकच आहेत. खाच पाडणे, फळीची कड गोल करणे ही कामे आता विजेवरचा राउटरही करतो. त्याचे बिट मिनिटाला 30,000 फेऱ्यांपर्यंत फिरते. म्हणून आम्ही सांगतो, नुसती किंमत पाहून तो घेऊ नका.

आधी काम ठरवा. पाटाची, फळीची कड काढायची असेल, तर 600-700 वॅटचा लहान राउटर पुरे. दाराच्या जाड लाकडात खोल खाच पाडायची असेल, तर वर-खाली दाबता येणारा मोठा राउटर लागतो.

मग कोलेट पाहा. कोलेट म्हणजे बिट धरणारी पकड. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. त्या कोलेटमध्ये 6 मिलिमीटरचे बिट सैल राहते. ते निसटून उडाले, तर डोळाच जायचा! कोलेटच्या मापाचेच बिट घ्या.

वेग कमीजास्त करता येतो का, तेही विचारा. बिट मोठे, तर वेग कमी हवा. 2 इंची बिटाला 12,000 फेऱ्यांच्या आसपास वेग ठेवावा.

दुकानात यंत्र हातात धरून पाहा. मूठ न सोडता बटण बंद करता आले पाहिजे.

बिट बदलताना आधी प्लग काढा. डोळ्यांना चष्मा लावा. पदर, सैल बाही आवरून घ्या. एका वेळी 3 मिलिमीटरच कापा. घाई नको. पैसा पुन्हा मिळेल, बोट मिळायचे नाही.