तीनशे डॉलर आणि एकशे वीस दिवस

(न्यू जर्सीतील मराठी श्रोत्यांसाठी प्रसारित झालेले भाषण)

गणपतीच्या दोन आठवडे आधी एडिसनहून मला एका बाईंचा फोन आला. परवान्याचं किचन भाड्यानं घेऊन त्या डबे देतात. सणासुदीला मोदक, पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ अशा मोठ्या ऑर्डरी घेतात. "ताई, एका बँकेचं पत्र आलंय," त्या म्हणाल्या. "व्यवसायाचं सेव्हिंग खातं उघडायचं, पंचवीस हजार डॉलर नव्वद दिवस ठेवायचे, की तीनशे डॉलर बोनस. माझे पैसे नाहीतरी पडूनच आहेत. घेऊ ना?"

लहान व्यवसायांचे हिशेब लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, आणि 'पडून आहेत' हे शब्द मी जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकते. पैसे पडून असतात ते चेकिंग खात्यात, शून्य व्याजावर. पुण्या-नाशकात धंदा करून आलेल्यांना त्यात वावगं वाटत नाही, कारण भारतात व्यवसायाला चालू खातंच उघडावं लागतं आणि त्यावर व्याज मिळत नाही. अमेरिकेतही १९३३च्या कायद्यानं चेकिंग खात्यावर व्याज द्यायला बँकांना मनाई होती. व्यवसायांच्या खात्यांपुरती ती थेट जुलै २०११मध्ये उठली. कायदा बदलला, सवय राहिली.

म्हणून पहिली चूक तुलनेत होते. आपण तीनशे डॉलरची तुलना शून्याशी करतो, कारण आज शून्य मिळतंय. तुलना करायची ती ते पैसे उद्या सकाळी सहज जिथे नेता येतील, त्या चांगल्यात चांगल्या जागेशी. समजा, दुसऱ्या एखाद्या बँकेचं साधं ऑनलाइन सेव्हिंग खातं चार टक्के देतंय. पंचवीस हजारांवर नव्वद दिवसांत तिथे सुमारे २४७ डॉलर होतात. बोनस तीनशेचा, म्हणजे त्रेपन्न डॉलर जास्त. इथवर बोनस जिंकला.

आता पत्राच्या मागची बारीक अक्षरं वाचा, आणि कृपा करून चष्मा लावून वाचा. अशा योजनांमध्ये पैसे भरायला खातं उघडल्यापासून काही दिवसांची मुदत असते. नव्वद दिवसांची मोजणी कधी कधी ती मुदत संपल्यावर सुरू होते. अट पुरी झाली तरी बोनस जमा व्हायला आणखी काही आठवडे जातात आणि तोवर खातं चालू ठेवावं लागतं. त्या सगळ्या काळात खात्याचा मूळ दर मात्र टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढा असू शकतो. पैसे एकूण १२० दिवस अडकले असं धरा. चार टक्क्यांच्या खात्यात तेवढ्या दिवसांत ३२९ डॉलर झाले असते. बोनस अजूनही तीनशेच. म्हणजे जे फुकट म्हणून घेतलं, त्यात एकोणतीस डॉलर गेले. बोनस साडेसातशेचा असता, तर मी स्वतः बसून त्यांचे कागद भरून दिले असते. बोनसला माझा विरोध नाही. दिवस मोजल्याशिवाय घेतलेल्या बोनसला आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. व्यवसायातल्या पैशावर तारखा लिहिलेल्या असतात. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यानं केंद्राचा अंदाजी कर १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला भरायचा असतो. या तारखांमधली अंतरं कधी मोजली आहेत? एप्रिल ते जून फक्त ६१ दिवस. जून ते सप्टेंबर ९२. सप्टेंबर ते जानेवारी १२२. जानेवारी ते एप्रिल ९०. करासाठी बाजूला काढलेले पैसे १२० दिवस हात न लावता ठेवायचे, तर वर्षात एकच खिडकी उघडी असते, ती १५ सप्टेंबरनंतरची.

हे मी अनुभवानं शिकले. पहिल्या काही वर्षांत असाच एक बोनस मी माझ्या स्वतःच्या व्यवसायासाठी घेतला होता. फेब्रुवारीच्या अखेरीस पैसे भरले. एप्रिलमध्ये कर भरताना त्यातले दोन हजार काढावे लागले आणि शिल्लक अटीच्या खाली गेली. बोनस गेलाच, वर किमान शिलकेखालचा मासिक आकारही कापला गेला. बँकेचं काही चुकलं नव्हतं, सगळं पत्रात लिहिलेलं होतं. पण ते पैसे मी पोटाला चिमटा काढून साठवले होते, आणि ती हळहळ अजून गेलेली नाही.

कराबद्दल थोडक्यात सांगते. बोनस ही बक्षिसाची रक्कम नव्हे. बँक तो व्याज म्हणून १०९९-आयएनटी फॉर्मवर दाखवते आणि व्याजासारखाच कर लागतो. विम्याचंही बघा. बँकेतल्या ठेवींवरचा एफडीआयसीचा विमा एका बँकेत अडीच लाख डॉलरपर्यंत असतो. धंदा एकट्या मालकाचा असेल, तर धंद्याचं खातं आणि त्याच्या एकट्याच्या नावची खाती मिळून हीच एक मर्यादा. मार्च २०२३मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा हा नियम अनेकांनी प्रथमच वाचला. लहान व्यावसायिक सहसा त्या आकड्याजवळ जात नाही, पण घर विकून आलेले पैसे त्याच बँकेत असतील तर जरूर बघा.

आता त्या बाईंकडे वळते. आम्ही दोघींनी वही उघडली. पंचवीस हजारांतले जवळपास अकराशे विक्रीकराचे होते. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, गिऱ्हाइकाकडून घेतलेला, राज्याच्या मालकीचा. साडेसहा हजार फराळाच्या आगाऊ रकमा. त्यातून तूप, बेसन, सुकामेवा यायचा होता. मदतनीस बायकांचा पगार, किचनचं भाडं, सप्टेंबरचा कर बाजूला काढला, आणि खरोखर रिकामे उरले चौदा हजार. पंचवीस हजारांची अट त्यांना भागवता आली असती ती फक्त दुसऱ्यांचे पैसे अडकवून.

त्या थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे पैसे माझे नव्हतेच की."

बोनसचं पत्र त्यांनी बाजूला ठेवलं. सप्टेंबरचा हप्ता भरला आणि दुसऱ्या दिवशी चौदा हजार चार टक्क्यांच्या साध्या खात्यात टाकले. जानेवारीच्या हप्त्यापर्यंत त्यावर सुमारे १८६ डॉलर व्याज होईल. मध्येच काजूचा भाव चढला, तर त्यातले हजार-पाचशे त्या न विचारता काढू शकतील.