नाटक कुणाशी बोलतंय?

आज बोलायचं आहे ते लहान नाटकांविषयी. एकांकिका, एकपात्री प्रयोग, नाट्यछटा, आणि त्यातही आपल्याच भागातल्या लेखकांनी नव्याने लिहिलेल्या संहिता. परभणी हे हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं केंद्र आहे. इथली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकांकिका आणि प्रहसनं घेऊन उतरतात. म्हणजे लिहिलं जातं, बसवलं जातं, पाहिलंही जातं. अडतं ते त्याच्या पुढे. पडदा पडल्यावर आपण म्हणतो काय? ‘विषय भारी होता’, ‘पोरानं काम दणक्यात केलं’, ‘लाइट जरा चुकले’. ज्याने रात्री जागून ते लिहिलं, त्याच्या लिहिण्याविषयी चकार शब्द निघत नाही. आपल्याला लिहिण्यातलं कळत नाही असं मुळीच नाही. कशाकडे कान लावायचा, हे कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच. माझं म्हणणं असं की लहान नाटकाचा रस घ्यायचा असेल तर विषय कोणता, याच्या आधी एक प्रश्न विचारावा: हे बोलणं चाललंय कुणाशी? आणि नव्या संहितेला हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचं काम सोबतच्या लेखकांचं आहे.

प्रश्न साधा वाटतो, म्हणून तो जरा कसाला लावून पाहू. समजा, एका नव्या एकपात्रीत मानवतच्या बाजारात एक शेतकरी उभा आहे. कापसाचा काटा झालाय, कटती वजा झालीय, हिशेबाची पट्टी हातात आहे. तो फोन कानाला लावतो आणि म्हणतो, ‘भाव बरा लागला.’ एवढंच वाक्य. पलीकडे लातूरला शिकवणीसाठी राहिलेली त्याची मुलगी असेल, तर हे वाक्य तिला धीर देण्यासाठी बोललेलं खोटं असू शकतं. तिने फीचं विचारायच्या आत त्याने ते बोलून टाकलेलं असतं. पलीकडे कृषी केंद्राचा मालक असेल आणि बियाण्याची, खताची उधारी अंगावर असेल, तर तेच वाक्य मुदत मागणारं होतं. आणि पलीकडे वाटणीवरून बोलणं सोडलेला थोरला भाऊ असेल, तर त्यात ताठा येतो, ‘तुझ्यावाचून माझं काही अडलेलं नाही’ असा. शब्द एकही बदललेला नाही. नटाने आवाज चढवलेला नाही. बदललाय तो फक्त ऐकणारा, आणि त्याच्याबरोबर माणसाचं अख्खं आयुष्य बदललं. आता हाच शेतकरी कुणाशीच बोलत नाहीये असं समजा. मग लेखकाला त्याच्या तोंडी शेतीची दुर्दशा घालावी लागते, सरकारचं धोरण घालावं लागतं, आणि नट प्रेक्षकांकडे बघत मोठ्याने बोलू लागतो. बोललेलं सगळं खरं असतं, तरी मन हलत नाही, कारण ते आपण सकाळीच पेपरात वाचलेलं असतं.

मराठीत या प्रकाराला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. पुण्यात शिक्षकी करणारे शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे आपले दिवाकर, यांनी 1911 साली नाट्यछटा लिहायला सुरुवात केली आणि एकूण 51 लिहिल्या. इंग्रज कवी ब्राउनिंग याच्या कवितांमध्ये एकच माणूस बोलतो आणि समोरच्याचं म्हणणं आपण त्याच्या बोलण्यावरूनच ओळखतो. तिथून दिवाकरांनी प्रेरणा घेतली. पण घेतली ती फक्त रीत. माणसं, घरं, बोलणं, लबाडी आणि दुःख, सगळं इथलं. नाट्यछटेत एकच माणूस बोलत असतो. मधूनच तो ‘काय म्हणालात?’ अशा वळणाने समोरच्याचा शब्द उचलतो, कुणाला तरी हाक मारतो, कुणाला तरी दटावतो, आणि पानभर मजकुरात घरातली चार माणसं उभी राहतात. ‘पंत मेले, राव चढले’ मध्ये तर एका घरातला आकांत आणि त्याच मृत्यूने मोकळ्या झालेल्या जागेमुळे दुसऱ्या घरात आलेला आनंद शेजारीशेजारी ठेवलेला आहे. लेखक मधे येऊन कुणाला दोष देत नाही. दोन्ही घरांतलं बोलणं आपापल्या माणसांपुरतं आहे, आणि दोन्ही ऐकणारे फक्त आपण आहोत, म्हणून ते आपल्याला टोचतं. युरोपात स्ट्रिंडबर्गने 1889 मध्ये ‘द स्ट्राँगर’ लिहिलं. त्यात रंगमंचावर बायका दोन, बोलते एकच, आणि दोघींतली वरचढ कोण हा निकाल न बोलणाऱ्या बाईच्या नुसत्या असण्यावर अडून राहतो. कॉक्तोच्या 1930 मधल्या एकपात्री नाटकात एक स्त्री टेलिफोनवर बोलते. पलीकडचा पुरुष आपल्याला एकदाही ऐकू येत नाही, तरी तो कधी टाळाटाळ करतोय ते आपल्याला नेमकं कळतं.

पण एवढ्या लांब जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई दळताना, कांडताना, वेचताना बोलतात त्या विठ्ठलाशी, आणि तेही दूरच्या देवाशी नाही, कामाला हात लावणाऱ्या सख्याशी. ऐकणारा असा जवळचा असल्यामुळेच त्या बोलण्यात रुसवा येतो, हक्क येतो, भांडणही येतं. परभणीचे गोंधळी राजारामबापू कदम यांच्यामुळे जांभूळ आख्यान आपल्या परिसरात घरोघरी माहीत झालं. पुढे शाहीर विठ्ठल उमपांनी ते शहरांतल्या रंगमंचावर गाजवलं. त्यातला पेच नीट पाहा. तुटलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागायचं तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायला हवं. द्रौपदीच्या मनात कर्ण आहे. ही गोष्ट तिने एकांतात स्वतःशी कबूल केली असती तर नाट्य झालंच नसतं. ती बोलायची आहे पाच नवऱ्यांच्या देखत आणि कृष्णासमोर, म्हणून प्रत्येक शब्द अवघड होतो. शिवाय गोंधळात मुख्य गोंधळ्याच्या बाजूला साथीदार असतो. तो मधेच प्रश्न करतो, हुंकार देतो, अडवतो. ऐकणारा कोण हे आपल्या लोककलावंतांनी रंगणातच उभं करून ठेवलेलं आहे. नव्या लेखकाला शहरातल्या स्पर्धांच्या ध्वनिफिती ऐकण्याआधी एवढं भांडवल घरात मिळतं, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप वजनदार आहे. कुणी म्हणेल, ही सगळी कारागिरीची चर्चा झाली. आमच्याकडे नापिकी आहे, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत, जातीचे चटके आहेत. अशा ठिकाणी विषय महत्त्वाचा की बोलण्याची तऱ्हा? मी विषयाला कमी लेखत नाही. पण विषयाचं ओझं जितकं मोठं, तितकी ऐकणाऱ्याची निवड जपून करावी लागते. नांदेडचे दत्ता भगत यांनी ‘आवर्त’ या एकांकिकेत जातीचा प्रश्न लोकनाट्याच्या बाजात मांडला. लोकनाट्यात समोरचा गाव हाच ऐकणारा असतो, त्याला प्रश्न विचारता येतात, त्याच्याकडून उत्तर मागता येतं. म्हणजे जो आरोप आहे तो ज्याच्यावर आहे त्याच्याच तोंडावर होतो. ही तऱ्हा बाजूला काढली तर विषय उरेल, पण त्याची धार राहणार नाही. विषयाशी प्रामाणिक राहायचं असेल तर तऱ्हेचा विचार टाळता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा आक्षेप असा की काही उत्तम एकपात्री प्रयोगांत कलावंत थेट प्रेक्षकांशीच बोलतो, तिथे हा अदृश्य ऐकणारा कुठे आहे? आणि उदाहरण अर्थातच प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चं दिलं जाईल. 1979 पासून त्यांनी ते देशभर आणि परदेशांत केलं, एकट्याने 52 पात्रं उभी करत. निवेदक म्हणून ते आपल्याशी बोलत हे खरं. पण मोकळ्या रंगमंचावर गर्दी दिसायची ती एका पात्राने दुसऱ्याकडे टाकलेल्या नजरेमुळे. पोराला दटावताना मान खाली, वडीलधाऱ्याला उत्तर देताना वर, लांबच्याला हाक मारताना आवाजाला हेल. ज्याच्याशी बोलणं चाललंय त्याची उंची, अंतर आणि मान हे सगळं त्या नजरेत असायचं. विनोदाला हशा मिळत होताच. तरी त्या प्रयोगाची ताकद पाहायची तर हशाच्या आधीच्या क्षणात पाहावी.

याहून अवघड उदाहरण बेणारेबाईंचं. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये, म्हणजे 1967 सालच्या नाटकात, खेळ म्हणून मांडलेलं कोर्ट आरोपीला निवेदनासाठी दहा सेकंद देतं. बेणारे बोलू लागते आणि बाकी सगळे जागच्या जागी थिजतात. तिचं स्वगत कितीतरी वेळ चालतं, पण कोर्टाच्या लेखी दहा सेकंदच गेलेले असतात. म्हणजे इथे कोर्टातला ऐकणारा कुणीच नाही. माझा नियम इथे मोडतो का? उलट, इथेच तो पक्का होतो. ऐकणारे समोर बसलेले आहेत, ऐकण्यासाठीच जमले आहेत, आणि तिचा एक शब्दही त्यांच्या कानावर पडत नाही, हाच त्या स्वगताचा अर्थ आहे. लेखकाने ऐकणारा काढून घेतला तो समजून-उमजून. नव्या संहितेत ऐकणारा नसेल तर पाहायचं ते हेच: तो काढून घेतलाय, की लेखकाला सुचलाच नाही?

राहिला प्रश्न सोबतच्या लेखकांचा. इथे लोक हमखास म्हणतात की लेखकांनी लेखकांची वाखाणणी करायची म्हणजे तू मला शाबास म्हण, मी तुला म्हणतो. भीती रास्त आहे. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात आणि तोंडावर वाईट म्हणणं जड जातं. पण शाबासकी पोकळ ठरते ती तिला पुरावा नसतो म्हणून. ‘छान लिहिलंस’ याचा पडताळा घेता येत नाही. ‘सातव्या पानावर तो आईला अचानक अहो-जाहो करू लागतो, तिथे मला कळलं की आई शुद्धीवर नाही आणि तो डॉक्टरशी बोलतोय,’ असं म्हटलं की ते बरोबर की चूक हे संहिता उघडून कुणालाही पाहता येतं. अशी दाद देणाऱ्याला वाचावं लागतं, आणि घेणाऱ्याला आपण काय साधलं ते कळतं. कानउघाडणीही याच मार्गाने सभ्य राहते. ‘जमलं नाही’ यापेक्षा ‘तिसऱ्या पानानंतर ती कुणाशी बोलतेय ते मला सापडलं नाही’ हे सांगणं सोपं, आणि दुरुस्तीला उपयोगी.

मग स्पर्धा आणि परीक्षक कशासाठी आहेत, असंही विचारलं जाईल. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालू आहे आणि तिने मराठी नाटकाला किती माणसं दिली हे सांगायला नको. 2022 साली परीक्षकांना तोलामोलाची एकांकिका आढळली नाही म्हणून त्यांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. निर्णय कठोर असेल, पण स्पर्धेचं ते कामच आहे, रेघ आखायची. मात्र तो निकाल येतो तेव्हा संहिता पक्की झालेली असते, पाठ झालेली असते, नेपथ्य ठोकलेलं असतं. संहिता ओली असताना तिच्याशी बोलणारं कुणीतरी त्याआधी हवं, आणि ते परीक्षक होऊ शकत नाहीत. प्रेक्षकही नाहीत, कारण त्यांच्यापुढे ती प्रकाशात आणि संगीतात गुंडाळून येते. पार्श्वसंगीत चढवलं की कुणाशीच न बोलणारं वाक्यसुद्धा घटकाभर खोल वाटतं. म्हणून नव्या लहान नाटकाचं आधी अभिवाचन व्हावं. खुर्चीवर बसून, कागद हातात धरून, साध्या आवाजात. रेडिओवरची श्रुतिका ऐकताना तुमची हीच सवय होते: चेहरा दिसत नाही, तेव्हा कान आपोआप विचारतो, समोर कोण आहे?

जिल्ह्यात नाटक लिहिणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. स्पर्धेच्या दिवशी आपला प्रयोग आटोपला की सामान टेम्पोत भरून निघायची घाई असते. ती एक दिवस आवरा. जिंतूरच्या, सेलूच्या, पूर्णेच्या दुसऱ्या कुणाची एकांकिका असेल ती पूर्ण बघा, लेखकाला गाठून संहितेची झेरॉक्स मागून घ्या, घरी मोठ्याने वाचा. वाचताना प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने एवढंच लिहा की इथे बोलणं कुणाशी चाललंय. जिथे लिहिता आलं नाही तिथे जागा कोरी सोडा. आणि आठवड्याभरात ती प्रत त्या लेखकाला परत पाठवा, कोऱ्या जागांसकट.