कार्यकर्त्यांशी मोकळं बोलणारी संस्था



स्नेहसंमेलनाला आलेल्या पाहुण्याने यशाचे मार्ग सांगावेत अशी आपल्याकडे रीत आहे. मला मात्र आज तुमच्या पहिल्या नोकरीबद्दल बोलायचं आहे. समाजकार्याच्या शेवटच्या वर्षातले तुम्ही बरेच जण जून-जुलैत कुठल्या ना कुठल्या संस्थेत रुजू व्हाल. कुणी पाणलोटाच्या कामावर, कुणी बालगृहात, कुणी ऊसतोड कामगारांच्या मुलांबरोबर. गावाशी कसं बोलायचं, बैठक कशी घ्यायची, हे तुम्ही इथे शिकलात. पण संस्थेचा प्रमुख आपल्या कार्यकर्त्यांशी काय बोलतो, काय बोलायचं टाळतो, याचा तास वेळापत्रकात नसतो. मी आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात बरीच वर्षं एक छोटी संस्था चालवते. एवढ्या वर्षांत माझं मत पक्कं झालंय: लोकसहभागाची जी भाषा आपण गावात बोलतो ती आपल्याच कार्यालयात बोलली जात नसेल, तर गावातही ती फार दिवस टिकत नाही.

हे ज्यांनी करून दाखवलं ते आपल्याच जिल्ह्यातले, जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला येऊन त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास पहिल्या वर्षातच दगावत होती.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स गावात राहायला पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. तरुण मुलगी, परक्या गावात एकटी. रात्री तिच्या सोबतीला कोण, तिचं ऐकणार कोण? ही अडचण वरून, टेबलामागे बसून कधीच दिसली नसती. मग त्याच गावातल्या बायका निवडायच्या असं ठरलं. त्यांतल्या कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, कित्येक दलित समाजातल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या. सगळ्याजणी खाली सतरंजीवर, डॉक्टरही त्यांच्यातच. जेवण एकत्र. सत्तरच्या दशकातल्या जामखेडात सवर्ण आणि दलित बायकांनी एका पंगतीत जेवणं म्हणजे काय, हे इथे बसलेल्या आजी-आजोबांना विचारा.

आणि मग बोलणं सुरू व्हायचं. आठवडाभरात गावात काय घडलं, कुठलं मूल आजारी पडलं, कोण बाळंत झाली, कुठल्या सासूने औषध घेऊ दिलं नाही, हे त्या सांगायच्या. एकीची अडचण दुसरी सोडवायची. डॉक्टर शिकवायचे तसे ऐकायचेही. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे ऐकणं. ज्या बाईला घरात, गावात कधी कुणी मत विचारलं नाही, तिने एका डॉक्टरला ‘हे आमच्या गावात चालणार नाही’ असं सांगायचं आणि डॉक्टरने आपला बेत बदलायचा. आता प्रकल्पातल्या एखाद्या नर्सचा विचार करा. कालपर्यंत इंजेक्शन आणि सल्ला तिच्या हातात होता, आज एक निरक्षर बाई तिच्याकडचं ज्ञान शिकून घेतेय. तिला आपली जागा जाते की काय असं वाटलं, तर त्यात नवल नाही. अशा वेळी प्रमुखाने गप्प राहून चालत नाही. काम का वाटून घ्यायचं, त्यात तुझी जागा कुठली, हे तिच्याशी बसून बोलावं लागतं. पुढे बालमृत्यू हजारी तिशीच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ साली त्यांनी ‘जामखेड’ हे पुस्तक लिहिलं, आणि आपले कोणते बेत चालले नाहीत हेही त्यात मोकळेपणाने मांडलं.

आता जे सांगते, ते जरा कडू आहे. जामखेडच्या त्या बायका पगारी नोकर नव्हत्या, स्वेच्छेने काम करणाऱ्या होत्या. त्या काळात, त्या नात्यात ते शोभून गेलं. पण त्याचा आधार घेऊन आज कुणी तुम्हाला म्हणालं, ‘सेवा करायला आलात ना, मग पगाराचं काय काढता?’ तर मान खाली घालू नका. २००५ सालापासून देशात आशा आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या जाऊ लागल्या, आणि अजूनही त्या कागदोपत्री स्वयंसेविकाच आहेत. २०२३-२४ मध्ये आपल्या राज्यातल्या हजारो आशा मानधनासाठी संपावर गेल्या, आझाद मैदानावर बसल्या. त्यांचं काम सगळ्यांना हवं होतं, त्यांच्याशी मोबदल्याचं बोलायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

मोबदल्यासारखंच सुरक्षिततेबद्दलही बोलायचं टाळलं जातं. राजस्थानातल्या भँवरीदेवींचं नाव तुम्ही अभ्यासात वाचलं आहे. त्या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या ‘साथिन’ होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम करताना ओढवलेल्या या संकटात त्यांच्यामागे ज्यांनी उभं राहायला हवं होतं, ते उभे राहिले नाहीत. त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा १९९७ चा विशाखा निकाल आला, आणि २०१३ चा कायदा. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि स्वयंसेवी संस्था त्याला अपवाद नाहीत. तरी मुलींनो, मुलाखतीला गेलात की विचारा: समितीत कोण आहे? उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो, त्यावरून तुम्हाला बरंच कळेल.

पैशाचंही तसंच. २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. पूर्वी अशा निधीतला निम्म्यापर्यंत भाग प्रशासकीय खर्चासाठी वापरता येत होता, तो वीस टक्क्यांवर आला. त्याची झळ कुणाच्या ना कुणाच्या पगाराला बसणारच. प्रकल्प मार्चला संपणार, पुढचा मंजूर नाही, हे प्रमुखाला डिसेंबरात माहीत असतं. ते डिसेंबरातच सगळ्यांना सांगितलं, तर माणूस दुसरीकडे अर्ज करतो, हप्त्यांची सोय लावतो. मार्चच्या तीस तारखेला सांगितलं, तर तो घरी जाऊन काय करेल? हिशेब वेळेवर उघड केला तर काय होतं, ते हिवरे बाजार गावात दिसतं. तिथे पोपटराव पवार दरवर्षी पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडतात. यंदा पाणी किती, मग पीक कुठलं, हे गाव मिळून ठरवतं. पाणी कमी आहे हे लपवून ठेवलं असतं, तर गावाने उन्हाळी पीक सोडलं असतं का?

आमच्या संस्थेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी बैठक असते. जमाखर्च फळ्यावर लिहिला जातो. आधी गावपातळीवरचे कार्यकर्ते बोलतात, मग कार्यालयातले, आणि शेवटी मी. हा क्रम आम्ही मोडत नाही, कारण प्रमुख आधी बोलला की बाकीचे मान डोलवतात. एकदा आमच्या गाडीवरच्या दादांनी विचारलं, ‘ताई, गावबैठका रात्री आठला ठेवता, पण दुचाकीवर परत येणाऱ्या मुलींचं काय?’ बैठका दुपारी घेता येत नव्हत्या, पुरुष शेतावर असतात. तेव्हापासून रात्रीच्या बैठकीला गाडी जाते, आणि त्या डिझेलचा खर्च आम्ही देणगीदारांकडच्या अंदाजपत्रकात उघड मांडतो. एका देणगीदाराने तो खोडला. आम्ही कारण सांगून तो पुन्हा घातला, आणि तो मंजूर झाला.

प्राचार्यांना एक विनंती करते. तुमच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्य अहवालात एक पान वाढवा. ज्या संस्थेत ते शिकायला गेले, तिथल्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाने त्या महिन्यात बैठकीत काय सांगितलं, आणि त्याचं पुढे काय झालं, एवढंच त्या पानावर लिहायचं. माझ्या संस्थेत येणाऱ्या विद्यार्थ्यांनीही ते लिहावं. ते पान मी आमच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचीन.

बक्षीसपात्र विद्यार्थी मघापासून वाट पाहताहेत. त्यांना आता पुढे बोलवा.