दुसरा मैल



नातेवाईक जन्माने मिळतात, मित्र आपण निवडतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस मात्र आस्थापना शाखेच्या आदेशाने येतो. तो चांगला निघाला तर आपलं नशीब. नाही निघाला तर त्याच्याशी कसं वागायचं, हे कोणत्याही विभागीय परीक्षेत विचारत नाहीत. मी मुसलमान. मला ते एका ख्रिस्ती सहकाऱ्याने शिकवलं.

गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. मी एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक होतो. गाव तेव्हाचं अहमदनगर. २०२४ साली त्याचं नाव अहिल्यानगर झालं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तिथे काम सुरू केलं. त्या जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. आमचे अव्वल कारकून त्यांतलेच. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. रविवारी ते चर्चमध्ये पेटी वाजवत. रेव्हरंड टिळकांची भजनं त्यांना तोंडपाठ होती.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते. मी तयार केलेली टिपणी ते स्वतःची म्हणून साहेबांपुढे ठेवत. माझं टपाल त्यांच्या खणात आठवडाभर पडून राही आणि खुलासा मला द्यावा लागे. वर चारचौघांत हसत हसत म्हणायचे, "तुम्ही मराठीत कविता करता? उर्दूत करा की!" आईच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत मी वाढलो. मराठी माझीही आहे, हे किती वेळा सांगायचं?

एकदा त्यांनी माझ्याकडची एक नस्ती नेली ती परत दिलीच नाही आणि मेमो मला मिळाला. त्या रात्री मी साहेबांच्या नावे चार पानी तक्रार लिहिली, तारखांसकट. त्यांच्या बढतीचा प्रस्ताव त्याच महिन्यात वर जाणार होता, हे मला ठाऊक होतं. सकाळी तो कागद मी अण्णांना दाखवला.

त्यांनी शांतपणे वाचून विचारलं, "यातलं तू त्याला काय काय सांगितलंस?"

"काहीच नाही."

"आणि बाकीच्या कचेरीला?"

मी गप्प झालो. चहाच्या टपरीवर मी शिपायापर्यंत सगळ्यांना सगळं सांगून मोकळा झालो होतो.

मग अण्णांनी मला मत्तयाच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय समजावून सांगितला. भावाने आपला अपराध केला तर काय करावं, याच्या पायऱ्याच येशूने तिथे घालून दिल्या आहेत. आधी एकट्याने जाऊन, दोघंच असताना, त्याची चूक त्याला दाखवायची. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचं. तरीही ऐकलं नाही तर मग मंडळीपुढे सांगायचं. अण्णा म्हणाले, "आपण शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो रे. पहिल्या पायरीवर कोणी पाय ठेवत नाही. कागद खणात ठेव. दुसरी पायरी लागली तर मी येईन तुझ्याबरोबर."

मला आईची आठवण झाली. पाठीमागे निंदा करण्याला कुराणात मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिली आहे, हे तिनेच मला लहानपणी सांगितलं होतं. मी तर ते रोज चहाबरोबर खात होतो.

संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर मी त्या गृहस्थांसमोर जाऊन बसलो. हात थरथरत होते. टिपणी, टपाल, नस्ती, कवितेवरची थट्टा, सगळं सांगितलं. त्यांनी माफी मागितली नाही. "तुम्हाला कोणी भरवलं?" एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी नस्ती माझ्या टेबलावर होती, आणि ती थट्टा पुन्हा कधी ऐकू आली नाही. टिपण्या मात्र ते पुढेही पळवत राहिले. एका संध्याकाळी माणूस बदलत नाही.

ख्रिस्ती वागणं म्हणजे एका गालावर बसली की दुसरा पुढे करणं आणि सोसत राहणं, असा माझा समज होता. अण्णांनी तो योहानाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग सांगून दूर केला. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना तिथल्या एका माणसाने येशूला चपराक मारली. येशूने हात उगारला नाही, पण तो गप्पही बसला नाही. आपण चुकीचं बोललो असलो तर ते दाखवावं, नसलो तर मारता का, असं त्याने विचारलं. म्हणून कोणी पैसे खात असेल, एखाद्या बाईला त्रास देत असेल, तर क्षमेच्या नावाखाली डोळे मिटायचे नाहीत. तिथे पहिल्या पायरीवर घुटमळत न बसता सरळ तक्रार करायची.

अण्णा आणखी एक गोष्ट सांगत. येशूच्या देशावर रोमची सत्ता होती. रोमन शिपाई वाटेवरच्या माणसाला धरून ओझं वाहायला लावी. एक मैल नेलं तर दोन मैल जा, असं येशूने सांगितलं. अण्णा म्हणत, "पहिला मैल शिपायाचा, हुकमाचा. दुसरा मैल आपला."

काही वर्षांनी ते गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांचं पेन्शनचं प्रकरण माझ्याच टेबलावर आलं. सेवापुस्तकात सुरुवातीच्या काही महिन्यांच्या सेवेची पडताळणी नव्हती. त्रुटी दाखवून प्रकरण परत पाठवलं असतं तर मला कोणीही दोष दिला नसता. खरं सांगतो, दोन दिवस मी ती नस्ती उघडलीच नाही. सूड असा नियमाचा सदरा घालून येतो. तिसऱ्या दिवशी एस. टी. पकडून तालुक्याला गेलो, धुळीतली जुनी वेतनदेयकं काढली आणि पडताळणी करून आणली. त्यांना हे कधी कळलं नाही.

त्या संध्याकाळी खणातला चार पानी कागद मी फाडून टाकला.

अण्णा आज नाहीत. पण श्रोतेहो, तुमच्याही शेजारी असं एखादं टेबल असेल. उद्या चहावर त्याच्याविषयी बोलण्याआधी एकदा त्या टेबलापाशी जाऊन बसा.