सूप खाली ठेवायचं तर…

विडी कामगार बायकांना दुसऱ्या कामाकडे वळवण्यासाठी सरकार पैसा देतं. तो नेमका कशावर खर्च व्हावा, याविषयी आज बोलायचं आहे.

आपल्या सोलापुरात दत्तनगर, विडी घरकुल, कुंभारी, कुठेही दुपारी जा. दारात बाई बसलेली असते. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, मापाचा पत्रा, कात्री, तंबाखू. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, टोक दुमडायचं. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. कारखान्यात माल तपासतात आणि खराब ठरलेल्या विड्यांची मेहनत फुकट जाते. तंबाखूची धूळ घरभर. लक्ष्मी-विष्णूसारख्या कापडगिरण्या बंद पडल्या, तेव्हा आपल्या शहरातल्या कितीतरी चुली या सुपांनीच पेटत्या ठेवल्या. लेकरू शेजारी निजवून हे काम करता येतं, म्हणून ते सुटत नाही.

आता दुसरं काम म्हणून शिवणकाम घ्या. सोलापूरचे शालेय गणवेश परराज्यांत जातात. शिवणारे हात इथेच आहेत, शिवून घेणारे कारखानदारही इथेच. मग अडतं कुठे?

शिकण्याच्या काळात अडतं. बाई प्रशिक्षणाला गेली की त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. आठवड्याचा बाजार त्याच पैशांवर असतो. तीन महिने बिनमजुरीचे काढायचे कसे? कौशल्य प्रशिक्षणासाठी केंद्राने 2015 साली जे सामाईक निकष ठरवले, त्यांत संस्थेला तीस टक्के रक्कम वर्ग सुरू झाल्यावर, पन्नास टक्के प्रमाणपत्रानंतर आणि वीस टक्के काम मिळाल्यावर द्यायची होती. म्हणजे बाईला काम लागण्याआधीच ऐंशी टक्के संस्थेच्या हातात. अशाने वर्ग भरतात, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि बाई पुन्हा सुपाशी येऊन बसते. दोष तिचा नाही.

2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा हजार. शिकताना पैसे द्यावे लागतात, हे सरकारने इथे मान्य केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. पण वयाची अट अठरा ते पस्तीस आणि शिक्षण किमान बारावी. सातवीत शाळा सुटलेली, चाळिशीतली, घरात तेलुगू बोलणारी आपली विडी कामगार बाई त्यात कुठे बसणार?

अडचणीच्या काळात सरकारने मजुरी देणं आपल्या राज्याला नवं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीवर हजारो माणसं जगली. 1977 साली तिचा कायदा झाला. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली की ती सांभाळायला एक बाई नेमायची, अशी तरतूद होती. खडी फोडण्याच्या जागी पाळणाघर चालतं, तर शिलाई केंद्रात का नसावं?

माझं म्हणणं असं, की पैसा एकट्या प्रशिक्षण संस्थेला न देता वस्तीतल्या भागीदारीला द्या. नागरी उपजीविका अभियानातून उभे राहिलेले बचत गट आणि त्यांचे वस्ती संघ, महापालिका, बँक आणि गणवेश शिवून घेणारा कारखानदार हे एका कागदावर सही करून एकत्र यावेत. कारखानदाराने काम किती देणार हे आधी लिहून द्यावं. शिकवणं तेलुगूतही व्हावं. शिकतानाची मजुरी रोख मिळावी. संस्थेचा मोठा हप्ता बाई सहा महिने कामावर टिकल्यावरच निघावा. सोलापुरात उद्योगवर्धिनीसारख्या संस्थेने बायकांना स्वयंपाक, शिवणकाम अशा कामांतून स्वतःच्या पायावर उभं केलेलं आहे. त्यांचा अनुभव सल्ल्यापुरता न घेता त्यांना या भागीदारीत हक्काची जागा द्यावी.

जिल्हा नियोजनाच्या बैठकीत बसणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. पुढच्या आराखड्यात वर्गाच्या खर्चाशेजारी दोन ओळी वाढवा, एक शिकतानाच्या मजुरीची आणि दुसरी पाळणाघराची. आणि गणवेशाच्या व्यवसायातल्या मंडळींनो, वर्ग सुरू होण्याची वाट पाहू नका, तुमच्या जवळच्या बचत गटाकडे आधी जा.