मुलांचा वाटा

(धर्मग्रामाच्या सुवर्ण-ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



ज्युबिली हा शब्द ज्या योबेलावरून आला, त्याचा मूळ अर्थ मांडव, बँड व मेजवानी यांच्या गर्दीत बहुधा विसरला जातो. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाविषयी जी आज्ञा आहे ती जमिनीविषयीची आहे. अडचणीपायी ज्याने आपली जमीन विकली, ती त्या वर्षी त्याच्या कुळास परत मिळावी. बापाच्या दारिद्र्याची बेडी मुलाच्या व नातवाच्या पायांत कायमची पडू नये. ही आज्ञा ध्यानात घेऊनच आज आम्ही एका दुसऱ्या ज्युबिलीविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे. सरकारने अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू केली, तीस २०२५ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. तिच्यासाठी कोणी मांडव घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा दोरास हात लावणाऱ्याचे घर कोणते, हे कोणी विचारीत नाही. हात लागला की मासळीत वाटा असतो. परंतु आज या एका रिवाजावर सारा किनारा जगत नाही. एकाच वाड्यातील एक घर यांत्रिक नौकेचे मालक, शेजारचे घर त्याच नौकेवर खलाशी, तिसरे रापणीचे, आणि चौथ्या घरची विधवा दुसऱ्याची मासळी टोपलीत घेऊन दारोदार विकते. पाचव्या घरी आखातातून किंवा बोटीवरून दरमहा पैसे येतात. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली निर्बंध आले, तरी लहान मच्छीमार व मोठ्या नौका यांतील तंटा मिटलेला नाही. तो तंटा सोडविण्याचा अधिकार आम्हांस नाही व तितके ज्ञानही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, या पाच घरांतील तीन वर्षांची पाच मुले एकाच विहिरीवर पाणी उडवीत खेळतात, आणि सहाव्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसतात तेव्हा त्यांच्यात वर्षा-दोन वर्षांचे अंतर पडलेले असते. ही वाटणी कोणत्या रिवाजाने झाली?

एक साधी गोष्ट पाहा. जून व जुलै हे यांत्रिक मासेमारीच्या बंदीचे महिने. खलाशाच्या घरी या दिवसांत पैसा येत नाही. आला तर उसना, आणि तोही पुढच्या हंगामातून फेडण्याच्या बोलीने. शाळा उघडते ती जूनच्या मध्यावर! फी, गणवेश, दप्तर, छत्री ही सारी मागणी नेमकी चूल मंदावलेली असते तेव्हाच दारात उभी राहते. नोकरदाराच्या पगारावर बेतलेले हे पंचांग समुद्राच्या पंचांगाशी कधीच जुळविले गेले नाही. अशा वेळी घरात एकाचीच फी भरता येत असेल, तर ती थोरल्याची भरली जाते. धाकट्याचा बालवर्ग राहून जातो.

हाच प्रश्न आपल्यासारख्याच एका समुद्रकाठच्या गावी ऐंशी वर्षांपूर्वी दोन स्त्रियांनी हाती घेतला. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला होता. शहरांतील सुखवस्तू मुलांसाठी बालमंदिरे निघाली, पण खेड्यातील गरिबाच्या मुलाचे काय, या विचाराने त्या १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांस मिळाल्या. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या दलित व आदिवासी वस्तीतील मुले येईनात. कोणी धाकटे भावंड कडेवर घेऊन बसलेले, कोणी गुरांमागे गेलेले. तेव्हा या बायांनी मुलांस दोष दिला नाही. शाळाच उचलून वस्तीतील अंगणात नेली. मुलांस तेथेच न्हाऊ घातले, केस विंचरले. शंखशिंपले, बिया, पाने व खडे यांचीच खेळणी केली. अंगणवाडी हा शब्द असा अंगणातून आला. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर गुराख्यांच्या पोरांसाठी कुरणशाळा झाली, आणि कडेवरच्या भावंडासाठी शाळेलगत पाळणाघर झाले.

मॉण्टेसरी हे नाव आज बहुधा मोठ्या फीच्या पावतीवर वाचावयास मिळते. त्या विदुषीने आपले पहिले बालगृह १९०७ साली उघडले ते रोम शहरातील मजुरांच्या चाळीत, हे पावतीवर छापलेले नसते.

आता कायद्याकडे वळू. आपल्याच कोकणातील कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणिले. ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात सर्व बालकांस चौदाव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देण्याचे अभिवचन होते, आणि त्यास खालची वयोमर्यादा घातलेली नव्हती. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली, तीत शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला खरा, पण तो सहा ते चौदा या वयास. सहाच्या खालील बालक शासनाच्या प्रयत्नांवर सोपविले गेले. हक्क आणि प्रयत्न या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे ज्याला सरकारी कचेरीत खेपा घालाव्या लागतात त्यास समजाविण्याची गरज नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया मानिला, हे उत्तमच झाले. परंतु तो पाया घालावयाचा कोणी?

तो घालावयाचा आहे अंगणवाडी सेविकेने. वजने करणे, आहार वाटणे, गरोदर मातांच्या घरी जाणे, लसीकरणासाठी मुले गोळा करणे, दूरध्वनियंत्रात नोंदी भरणे, इतके उरकून वेळ राहिला तर शिकविणे! केंद्र सरकारने २०१८ साली तिच्या मानधनातील आपला भाग ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केला. ती नोकर नव्हे, मानधनी स्वयंसेविका, असे इतकी वर्षे म्हटले गेले. ग्रॅच्युइटीस ती पात्र आहे हे सर्वोच्च न्यायालयास २०२२ साली सांगावे लागले. आमच्याच धर्मग्रामातील एक मासळी विकणारी माता परवा म्हणाली, "फादर, पोराक थंय खिचडी गावता, पण शिकाक कायच गावना नाय." या बोलण्यात सेविकेची निंदा नाही. दोन हातांस चार हातांचे काम दिले की काय होते, ते त्या बाईने पाहिले आहे.

तमिळनाडूत यावर एक प्रयोग झाला. काही अंगणवाड्यांत केवळ शिकविण्यासाठी अर्ध्या वेळेची एक जादा शिक्षिका नेमिली. शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला; मुलांची भाषा व गणित सुधारले; आणि विशेष हे की, तीव्र कुपोषणही घटले, कारण मूळच्या सेविकेस त्या कामास सवड मिळाली. इतका अल्प खर्च आणि इतके फळ, असे कार्य आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

कित्येक पालक म्हणतात की, मच्छीमारांच्या पोरांत मिसळून आमची मुले मालवणी बोलू लागतील. बोलू देत. आम्ही स्वतः मालवणी बोलतच सेमिनरीत गेलो आणि तेथून लॅटिनच्या दारापर्यंत पोहोचलो. वाटेत कोठे अडखळल्याचे स्मरत नाही.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, तरी बोलणे भाग आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बळ घटकांसाठी २५ टक्के जागा राखून ठेविल्या. शाळेत बालवर्ग असेल तर त्यातही. अल्पसंख्याकांच्या शाळांस सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने यातून सूट मिळाली. आपल्या संस्थांचे स्वातंत्र्य राहावे म्हणून ती सूट आहे, आणि ती आम्हांस मान्य आहे. मात्र त्या स्वातंत्र्याचा उपयोग आपल्याच वाड्यातील खलाशाच्या मुलास दाराबाहेर ठेवण्याकडे होत असेल, तर ते स्वातंत्र्य कशासाठी मागितले, असे कोणी विचारिल्यास आम्हांस उत्तर सुचणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्युबिलीच्या कमानीसाठी जी रक्कम जमली आहे, तीतून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या परवानगीने वाड्यावरील अंगणवाडीस अर्ध्या वेळेची एक शिक्षिका तीन वर्षे द्यावी. येत्या जूनपासून आपल्या बालवर्गातील चौथा हिस्सा जागा बिनफीच्या असाव्यात. धर्म पाहू नये, घराची मिळकत पाहावी. जे थोडीबहुत फी देऊ शकतात, त्यांजकडून ती जूनमध्ये न घेता हंगाम लागल्यावर घ्यावी. ज्यांनी केवळ कमानीसाठीच म्हणून पैसे दिले, त्यांच्या संमतीवाचून त्यांतील एक पैही हलविली जाणार नाही. ज्यांस आपली रक्कम परत हवी, त्यांस ती मिळेल व त्याविषयी कोणी त्यांस बोल लावू नये. कमानीचा नकाशा आम्ही फाडलेला नाही. तो कचेरीच्या भिंतीवर आहे, आणि त्याखाली टेबलावर एक वही ठेविली आहे. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक कुटुंबाने तीत आपले मत लिहावे.