खो-खोच्या मैदानातून डिझाइन पॅटर्न



मी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी. नोकरी सगळी सिग्नल्समध्ये, म्हणजे दळणवळणाच्या दलात गेली. आता महूला राहतो आणि दर रविवारी सकाळी शाळा-कॉलेजच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. फी नाही. अट एकच, वेळेवर यायचं.

कॉलेजातली मुलं येतात त्यांना मी विचारतो, डिझाइन पॅटर्न किती? उत्तर लगेच येतं, तेवीस. नावंही घडाघडा म्हणून दाखवतात. मग विचारतो, यातला एखादा तुम्ही कधी वापरलात का, आणि तो नसता तर तुमचं काय अडलं असतं? इथे वर्गात शांतता होते. ही मुलं हुशार आहेत. पण त्यांना औषधांची नावं पाठ करायला लावली आहेत, रोगी कोणी दाखवलेलाच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. अडचण आधी सोसू द्या, पॅटर्नचं नाव शेवटी सांगा. आणि अडचण लवकर यावी, डोळ्यांना दिसावी, यासाठी खेळ बनवायला देण्यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही.

पॅटर्न ही कल्पना मुळात इमारतींची. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली गावं, घरं, अंगणं यांचे २५३ पॅटर्न एका पुस्तकात मांडले. पुढे १९९४ च्या सुमारास गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस या चौघांनी तीच पद्धत सॉफ्टवेअरला लावली आणि २३ पॅटर्न नोंदवले. लक्षात घ्या, त्यांनी ते खोलीत बसून रचले नव्हते. चालू, टिकलेल्या प्रोग्राममध्ये जे पुन्हा पुन्हा दिसलं, त्याला त्यांनी नाव दिलं. आधी पायवाट पडली, मग ती नकाशावर आली. आपण शिकवताना नकाशा आधी देतो आणि मुलांना पाय टाकूच देत नाही.

आता माझ्या वर्गात चला. खेळ खो-खो, भाषा पायथन, सोबत पायगेम नावाची मोफत लायब्ररी. खेळाडू म्हणजे रंगीत चौकोन. चित्रं काढायची नाहीत असा माझा सक्त हुकूम आहे, नाहीतर महिनाभर मुलं खेळाडूच्या बुटांचा रंग ठरवत बसतात.

पहिला धडा खेळाच्या चक्राचा. बटण दाबलं का ते पाहा, खेळाडूंच्या जागा बदला, पडद्यावर काढा, आणि पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ६० वेळा हे चक्र फिरवायचं तर प्रत्येक फेरीला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. मुलं लिहितात, दर फेरीला पाच पिक्सेल पुढे सरक. एकाचा संगणक सेकंदाला ६० फेऱ्या मारतो, त्याचा खेळाडू ३०० पिक्सेल धावतो. शेजारच्याचा जुना संगणक ३० फेऱ्याच मारतो, त्याचा खेळाडू दीडशेवर दमतो. प्रोग्राम एकच, धाव वेगळी! मग मुलंच सुचवतात की वेग सेकंदाच्या हिशोबाने लिहू आणि मागच्या फेरीपासून गेलेल्या वेळाने गुणू. फळ्यावर सांगून हे चार दिवस टिकत नाही. शर्यत हरलेला मुलगा मात्र ते जन्मभर विसरत नाही.

दुसरा धडा अवस्थेचा. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण चौकोनात बसतात, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून. नववा धावतो. त्याने मागून हात लावून ‘खो’ दिला की बसलेला उठतो आणि हा त्याच्या जागी बसतो. धावणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत त्याला उलट फिरता येत नाही. मुलं यासाठी हो-नाहीच्या चार खुणा ठेवतात: बसलाय का, खो मिळालाय का, धावतोय का, दिशा ठरलीय का. चार खुणांच्या जोड्या होतात सोळा. खेळाच्या नियमात बसतात त्यातल्या फक्त चार: बसलेला, खो मिळून उठणारा, दिशा न घेतलेला धावणारा आणि दिशा घेतलेला धावणारा. उरलेल्या बारा जोड्या निव्वळ गोंधळ, आणि तो गोंधळ पडद्यावर दिसतो. बसलेला खेळाडू बसल्या बसल्या घसरत मैदानाबाहेर जातो. वर्ग हसतो.

हसून झालं की मी विचारतो, पहाऱ्यावरचा जवान एकाच वेळी जागा आणि झोपलेला असू शकतो का? नाही ना, मग तुमच्या प्रोग्रामला ते शक्य का ठेवलंत? मुलं खुणा काढून टाकतात. चार अवस्था वेगळ्या लिहितात, आणि कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येतं ते ठरवतात. सगळं चालू लागल्यावर मी फळ्यावर लिहितो, याला स्टेट पॅटर्न म्हणतात.

तिसरा धडा हुकमाचा. सुरुवातीला बाणाचं बटण थेट खेळाडूला हलवतं. मग मी नवा नियम घालतो: एका बाजूने संगणक खेळेल, आणि सामना संपल्यावर तो पुन्हा जसाच्या तसा दाखवायचा. बटण आणि खेळाडू एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे सगळं उसवावं लागतं. फौजेत हुकूम देणारा वेगळा, पाळणारा वेगळा, आणि हुकमाची वेळेसह नोंद वेगळी. तसंच इथे करायचं. प्रत्येक हालचाल ही एक स्वतंत्र वस्तू: कोणाला, काय, कोणत्या फेरीत. मग हुकूम माणसाने दिला की संगणकाने, खेळाडूला फरक पडत नाही. नोंदवही पुन्हा वाचली की सामना पुन्हा दिसतो. मात्र फेरीचा वेळ ठरलेला हवा, आणि नशिबाचे आकडे त्याच बीजापासून सुरू व्हायला हवेत, नाहीतर दुसऱ्या वेळी भलताच संघ जिंकतो. हा कमांड पॅटर्न.

चौथा धडा वार्तेचा. गडी बाद झाला की गुण वाढतो, शिट्टी वाजते, तुकडीतला शेवटचा असेल तर पुढचे गडी आत येतात, पडद्यावर नाव झळकतं. मुलं हे सगळं स्पर्श तपासणाऱ्या फंक्शनमध्ये कोंबतात. शिट्टी बदलायची म्हटली की स्पर्शाचं गणित बिघडतं. वायरलेसवर आम्ही काय करायचो? वार्ता एकदाच द्यायची, जाळ्यावर ज्याला तिचं काम आहे तो ऐकेल. स्पर्शाने फक्त ‘गडी बाद’ एवढं जाहीर करावं. शिट्टी, गुणफलक, नाव यांनी आपापलं ऐकावं. हा ऑब्झर्व्हर.

शिक्षकांसाठी माझी मोजपट्टी सोपी आहे. दर रविवारी एक नवा नियम घाला आणि मुलांना मोजायला लावा, या एका बदलासाठी किती फाइलींना हात लागला? सात फाइली उघडाव्या लागल्या तर रचना चुकली. एकच उघडावी लागली तर बरी आहे. पॅटर्न चांगला की वाईट हा वाद मग पुस्तकावर राहत नाही, मोजणीवर येतो.

दुखणंच नसताना औषध दिलेलंही मी पाहतो. एका मुलीने गुणफलकाला सिंगलटन केलं, म्हणजे अख्ख्या प्रोग्रामात तो एकच, कुठूनही हात घालता येणारा. मी म्हटलं, छान, आता शेजारच्या मैदानावर दुसरा सामना सुरू कर. दोन्ही सामन्यांचे गुण एकाच फलकावर! रॉबर्ट निस्ट्रॉम यांचं ‘गेम प्रोग्रामिंग पॅटर्न्स’ हे पुस्तक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं. खेळ बनवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या या माणसाने सिंगलटनचं प्रकरण तो कसा टाळावा हे सांगण्यासाठी लिहिलं आहे. जरूर वाचा.

पालक मला विचारतात, साहेब, खेळात वेळ घालवून नोकरी लागेल का? त्यांना मी रेल्वेचं तिकीट दाखवतो. वेटिंग, आरएसी, कन्फर्म, रद्द. रद्द झालेलं तिकीट पुन्हा आरएसी होऊ शकतं का? नाही. म्हणजे बसलेला खेळाडू आणि रद्द तिकीट, विचार एकच. बँकेत पैसे जमा झाले की तुमच्या मोबाइलवर संदेश येतो, ती शिट्टीच आहे. खेळ खेळणं वेगळं आणि खेळाचे नियम संगणकाला समजावणं वेगळं. दुसऱ्या कामात मुलाला स्वतः नीट विचार करावाच लागतो.

खेळातून सगळं येतं असा माझा दावा नाही. माहितीचा साठा, सुरक्षितता, दुसऱ्याने लिहिलेला जुना प्रोग्राम वाचणं, हे वेगळं शिकावं लागतं. पण ज्याने एकदा स्वतःचा गोंधळ स्वतः निस्तरला, तो पुढचं शिकायला घाबरत नाही.

आणि एक शेवटचं. माझ्याकडची बरीच मुलं इंग्रजीला बिचकतात. पुस्तक ‘स्टेट पॅटर्न’ या नावापासून सुरू झालं की त्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. ‘बसलेला खेळाडू घसरतोय, थांबव’ इथून सुरू केलं की तीच मुलं खुर्ची पुढे ओढतात. मराठीत विचार करा, हिंदीत करा, कन्नडमध्ये करा. नाव इंग्रजी असलं तरी ते शेवटी येतं, आणि तोवर ती वस्तू तुमची झालेली असते.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या एखाद्या मुलाला एक चौकोन हलवायला सांगा. तो हलला की एक नियम वाढवा. मग दुसरा.

जय हिंद.